दिल्लीचा घरमालक आणि त्याची कीर्ती

दिल्लीस बदलून आलेल्या आम्हां मराठी नोकरमंडळींच्या मनात 'घरमालक' या शब्दाविषयी फारसा आदर नाही. भाडेकरू राहत असलेले जुने घर स्वस्तात विकत घ्यावयाचे आणि मग त्यास हरप्रकारे हुसकावून लावावयाचे, हाच त्याचा उद्योग, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही कीर्ती त्यास कशी लाभली, हे दिल्लीच्या भाडेकायद्यांच्या इतिहासावरून बरेच उमगते.

राजधानी दिल्लीस आणण्याची घोषणा १९११ साली झाली. तिच्यामागोमाग कारकुनांच्या निवाऱ्याचा प्रश्नही आला. सरकारी क्वार्टरे सर्वांना पुरली नाहीत. महायुद्ध सुरू होताच १९३९ मध्ये नवी दिल्लीत घरभाड्यांवर नियंत्रण आले. पुढे फाळणी झाली, निर्वासितांचे लोंढे आले. १९४१ साली सुमारे सव्वानऊ लाख असलेली दिल्लीची लोकसंख्या १९५१ मध्ये सुमारे साडेसतरा लाख झाली. घरे मात्र त्या मानाने वाढली नाहीत. १९४७ आणि १९५२ च्या कायद्यांनंतर १९५८ चा भाडेनियंत्रण कायदा झाला. तो ९ फेब्रुवारी १९५९ पासून अमलात आला.

हा कायदा वाचू लागले की घरमालकावरील आरोपपत्रच वाचीत आहोत, असे वाटते. पाचवे कलम पागडीस मनाई करते. सव्विसावे भाड्याच्या पावतीचा हक्क देते. मालकाने दुरुस्ती न केल्यास नोटिशीनंतर ती स्वतः करून वर्षाच्या भाड्याच्या एकबारांशापर्यंत खर्च वळता करून घेण्याची मुभा चव्वेचाळिसावे देते. पाणी-वीज तोडण्यास पंचेचाळिसावे प्रतिबंध करते. असली कलमे अनुभवावाचून लिहिली जात नाहीत.

आमच्या विषयास सर्वांत जवळचे कलम चौदावे. भाडेकरूसह विकले जाणारे घर स्वस्त मिळे, कारण भाडे गोठलेले आणि ताबा अनिश्चित. असे घर घेऊन 'मला राहावयास हवे' म्हणत भाडेकरूस काढण्याचा व्यापार चालू नये, म्हणून खरेदीपासून पाच वर्षे उलटल्याखेरीज नव्या मालकास त्या कारणावर अर्जच करता येत नाही.

पण नाण्यास दुसरीही बाजू आहे. गोठलेल्या भाड्यात भिंतीचा गिलावाही होईना, तेव्हा मालकाने घराकडे पाठ फिरविली आणि त्याची अपकीर्ती अधिकच वाढली. १९७५ मध्ये तर नवल घडले. दिल्लीत स्वतःचे घर असलेल्या सरकारी नोकरांनी क्वार्टर सोडावे, नाहीतर जादा भाडे भरावे, असा हुकूम निघाला. आजवर भाडेकरूची बाजू घेणारा कारकूनच घरमालक ठरला आणि आपल्याच घराच्या दाराशी उभा राहिला! त्याच्यासाठी १४-अ हे कलम घालून ताबडतोब ताब्याचा हक्क द्यावा लागला.

१९८८ च्या दुरुस्तीने दरमहा साडेतीन हजारांवरील भाडी या कायद्यातून वगळली आणि इतरांस दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढ दिली. १९९५ च्या नव्या कायद्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. परंतु व्यापारी भाडेकरूंच्या विरोधापुढे तो अमलात आलाच नाही.

आज आमच्यातील कित्येकांनी द्वारकेसारख्या वस्तीत सदनिका घेतल्या आहेत आणि बदली झाली की त्या भाड्याने दिल्या जातात. घरमालकाची निंदा करण्याचा आमचा जुना हक्क आता तितकासा निर्वेध राहिलेला नाही. पावती वेळेवर देणे आणि गळका नळ दुरुस्त करणे, एवढ्या दोन गोष्टी जरी आम्ही कायद्याने न सांगता केल्या, तरी त्या बदनाम शब्दाचे थोडे ऋण फिटेल.