नेत्रदान : दानपरंपरेतील नवे पान

आपल्या परंपरेने आहार, औषध, ज्ञान व अभय असे चतुर्विध दान सांगितले. मरणोत्तर नेत्रदान हे त्या मालिकेतील नवे पान होय. ७ डिसेंबर १९०५ रोजी आजच्या चेक प्रजासत्ताकातील ओलोमोउत्स गावी डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी चुन्याने दृष्टी गेलेल्या एका मजुराच्या डोळ्यावर कॉर्निया, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पडदा, बसविला. हे पहिले यशस्वी रोपण. १९४५ साली मद्रासला भारतातील पहिली नेत्रपेढी निघाली. १९९४ साली मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला. २०११ च्या दुरुस्तीने त्यात ऊतींचाही समावेश झाला.

आमच्या पूज्य पिताश्रींनी नेत्रदानाचे संकल्पपत्र भरले होते. त्यांच्या देहावसानानंतर आठवड्याने ते दुकानाच्या तिजोरीत, जुन्या खातेवह्यांखाली सापडले. आयुष्यभर कोणाचे देणे न थकविणाऱ्या त्या सत्पुरुषाचे हे एक देणे आम्हा मुलांच्या अज्ञानामुळे राहून गेले.

नेत्र सहा तासांच्या आत काढावे लागतात. चष्मा किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आड येत नाही. चेहराही विद्रूप होत नाही. मात्र घरच्यांची संमती लागते. खापरसारख्या गावी तर नेत्रपेढीला तत्काळ कळविणे अगत्याचे. तोवर पंखा बंद करून, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा.

दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा असतो. पर्युषणही त्याच सुमारास येते. क्षमापनेसाठी कुटुंब एकत्र जमेल, तेव्हा आपला संकल्प सर्वांना सांगावा. तो तिजोरीत ठेवू नये, ही नम्र विनंती.