विद्यापीठीय शुल्क (महाराष्ट्र)

महाविद्यालयात किंवा विद्यापीठाच्या विभागात प्रवेश घेताना आणि पुढे दर वर्षी विद्यार्थ्याने भरावयाच्या सगळ्या रकमांना मिळून व्यवहारात ‘फी’ म्हटले जाते. पावतीवर मात्र तिचे बरेच तुकडे असतात. शिक्षण शुल्क हा मुख्य भाग. विनाअनुदानित संस्थांत त्याच्या ठरावीक टक्क्यांत विकास शुल्क जोडले जाते. त्याखाली ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना, ओळखपत्र, विद्यार्थी कल्याण निधी, विमा अशा लहान रकमा येतात. काही रकमा महाविद्यालय विद्यापीठाच्या वतीने गोळा करून पुढे पाठवते : नोंदणी, पात्रता, आंतरविद्यापीठीय क्रीडा व युवक महोत्सवांचा वाटा. परीक्षा शुल्क बहुधा सत्रागणिक वेगळे भरायचे असते. अनामत रक्कम ही खरे तर फी नव्हेच, ती शिक्षण संपल्यावर परत मिळायची असते. पण दाखला घेऊन जाताना ती मागायची हे अनेकांच्या ध्यानातच राहत नाही.

ही फोड समजून घेणे गरजेचे आहे, कारण सवलत, परतावा आणि करातील वजावट हे तिन्ही हक्क एकूण आकड्यावर चालत नाहीत. पावतीतल्या कोणत्या ओळीत किती रक्कम आहे, यावर ते ठरतात. जुन्या करप्रणालीत पालकाला पाल्याच्या शिक्षण शुल्काची वजावट मिळते, विकास शुल्काची किंवा देणगीची मिळत नाही. म्हणून प्रत्येक शीर्षक सुटे दाखवणारी पावती मागून घ्यावी. एकच ठोक रक्कम लिहिलेली पावती स्वीकारू नये.

शुल्काची रचना. अनुदानित महाविद्यालयात प्राध्यापकांचे वेतन शासन देते, त्यामुळे तेथील कला, वाणिज्य, विज्ञान शाखांचे शिक्षण शुल्क कमी असते. त्याच इमारतीत चालणाऱ्या विनाअनुदानित तुकडीचे किंवा संगणकशास्त्रासारख्या अभ्यासक्रमाचे शुल्क कितीतरी पट असू शकते. प्रवेश अर्ज भरताना ‘अनुदानित’ की ‘विनाअनुदानित’ हा रकाना म्हणूनच आधी पाहावा. व्यावसायिक शिक्षणाचे चित्र १९८३ नंतर पालटले. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी देण्यात आली. त्याआधी कर्नाटकात प्रवेश शोधत जाणाऱ्या मुलांना राज्यातच जागा मिळू लागल्या, ग्रामीण भागात महाविद्यालये उभी राहिली, आणि त्याबरोबर देणगीचा प्रश्नही आला. त्याला आवर घालण्यासाठी राज्याने १९८७ मध्ये कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा केला. त्यानुसार ठरलेल्या शुल्कापलीकडे प्रवेशासाठी रक्कम घेणे हा गुन्हा आहे.

पुढची दोन दशके हा विषय मुख्यतः सर्वोच्च न्यायालयात घडत गेला. मोहिनी जैन खटल्यात (१९९२) कॅपिटेशन फी घटनाबाह्य ठरली. उन्नीकृष्णन खटल्याने (१९९३) निम्म्या जागा ‘फ्री’ आणि निम्म्या ‘पेमेंट’ अशी वाटणी घालून दिली. फ्री जागेवरच्या विद्यार्थ्याचा खर्च पेमेंट जागेवरच्या विद्यार्थ्याच्या खिशातून काढणारी ही पद्धत सुमारे दहा वर्षे चालली. टी. एम. ए. पै प्रतिष्ठान खटल्यात (२००२) अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ती रद्द केली आणि विनाअनुदानित संस्थांना आपले शुल्क ठरवण्याचा अधिकार दिला, मात्र नफेखोरी व कॅपिटेशन फी यांना मनाई कायम ठेवली. इस्लामिक अकादमी निकालाने (२००३) निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली शुल्क समित्या नेमायला सांगितले. पुण्याचे शिक्षणसंस्थाचालक पी. ए. इनामदार यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २००५ च्या निकालात सात न्यायमूर्तींनी त्या समित्यांना मान्यता दिली. महाराष्ट्रातील शिक्षण शुल्क समिती याच क्रमातून आली. तिची जागा २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरणाने घेतली.

विनाअनुदानित खाजगी व्यावसायिक संस्था आपल्या खर्चाचा लेखाजोखा मांडून शुल्काचा प्रस्ताव देते आणि प्राधिकरण तो तपासून मान्य करते. महाविद्यालयनिहाय मान्य शुल्क प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते. एकाच गावातल्या दोन अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या शुल्कात मोठा फरक दिसतो तो यामुळेच. प्राधिकरण प्रत्येक संस्थेचा खर्च बघते, सगळ्यांना एक दर लावत नाही. वसतिगृह, खानावळ, बस यांचे पैसे वेगळे असतात, आणि घराच्या हिशेबात तेच अनेकदा जड जातात.

सवलती. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती वार्षिक अडीच लाख रुपयांपर्यंतच्या कौटुंबिक उत्पन्नावर मिळते. त्यापुढे उत्पन्न असल्यास राज्याची ‘फ्रीशिप’ शिक्षण व परीक्षा शुल्काचा भार उचलते. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांत तिच्यातून निम्मे शुल्क मिळते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. अलीकडच्या काळातला हा सर्वांत मोलाचा निर्णय आहे. मात्र त्याची अट नीट वाचायला हवी : प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला आणि खाजगी अभिमत किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना ही माफी लागू नाही. ‘मुलींना शिक्षण मोफत’ एवढेच ऐकून अभिमत विद्यापीठात प्रवेश घेतला, तर पूर्ण शुल्क भरावे लागते. शिवाय माफी शिक्षण व परीक्षा शुल्कापुरती आहे. बाकीच्या ओळींतील रकमा विद्यार्थिनीकडेच राहतात.

मुदती. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या अभियांत्रिकी प्रवेशात केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या (कॅप) फेरीत जागा मिळाली की ठरलेल्या दिवसांत हजार रुपये स्वीकृती शुल्क ऑनलाइन भरावे लागते. मग महाविद्यालयात जाऊन कागदपत्रे व शुल्क देऊन प्रवेश निश्चित करायचा. या तारखा फार थोड्या दिवसांच्या असतात. त्या चुकल्या तर त्या फेरीतली जागा हातची जाते. जातवैधता, नॉन क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रे तहसील, सेतू आणि पडताळणी समितीच्या वेगाने मिळतात. म्हणून बारावीच्या निकालाची वाट न पाहता ती आधीच काढून ठेवावीत.

सर्वांत मोठी अडचण पुढे सुरू होते. प्रवेश पावसाळ्यात होतात. शिष्यवृत्तीचा अर्ज ‘महाडीबीटी’ पोर्टलवर त्यानंतर भरायचा असतो. तो महाविद्यालयाच्या क्लार्क लॉगिनमधून प्राचार्यांच्या लॉगिनमध्ये, तेथून विभागाकडे जातो. एखाद्या दाखल्यावरून परत आला तर पुन्हा पहिल्यापासून. पैसे हप्त्यांत येतात आणि ते हाती येईपर्यंत अनेकदा वर्ष उलटलेले असते. २०२१-२२ पासून अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या आधारसंलग्न खात्यात जमा होतो आणि तेथून महाविद्यालयाला द्यायचा असतो. पात्र मागासवर्गीय विद्यार्थ्यांकडून प्रवेशावेळी शिक्षण व परीक्षा शुल्क मागू नये, असे शासनाने महाविद्यालयांना वारंवार कळवले आहे. तरीही ‘आधी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ’ हे उत्तर खिडकीवर ऐकू येते. शासनाकडून प्रतिपूर्ती रखडली की संस्थेचे पगार अडकतात, हेही खरे. पण त्या उशिराचा भार शेतमजुराच्या मुलीने सावकाराकडून पैसे उचलून सोसावा, हे कोणत्याही नियमात बसत नाही आणि न्यायातही बसत नाही. अशा वेळी पात्रतेची कागदपत्रे जोडून प्राचार्यांना लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि हप्त्यांची मुभा मागावी.

परीक्षा अर्जाचे वेळापत्रक वेगळे असते. नियमित मुदत, मग विलंब शुल्कासह मुदत, त्यानंतर अतिविलंब शुल्कासह अखेरची. प्रत्येक टप्प्यावर रक्कम वाढते.

परतावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेत प्रवेश रद्द केल्यास किती शुल्क परत मिळावे याचे टप्पे आहेत. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ किंवा अधिक दिवस आधी अर्ज दिल्यास पूर्ण, त्याहून उशिरा पण तारखेच्या आत ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, १६ ते ३० दिवसांत ५० टक्के, पुढे काही नाही. पूर्ण परताव्यातही प्रक्रियेपोटी पाच टक्के, पण कमाल ५,००० रुपये कापता येतात. अनामत पूर्ण परत करायची असते. आयोग त्या त्या वर्षासाठी अधिक उदार तारखाही जाहीर करतो : २०२४-२५ साठी ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत पूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत फार तर १,००० रुपये कपात असे ठरले होते. कॅपमधील प्रवेशांना त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतील कट-ऑफ तारीखही बघावी लागते. मूळ गुणपत्रिका व दाखले अडकवून ठेवण्यास याच अधिसूचनेने मनाई केली आहे. संस्थेने ते तपासून लगेच परत द्यावयाचे असतात.

कर्ज. बँक सहसा शुल्क विद्यार्थ्याच्या हाती न देता संस्थेच्या नावे भरते. त्यासाठी प्रवेशपत्र, बोनाफाईड आणि वर्षवार शुल्कपत्रक लागते. मंजुरीला वेळ लागत असल्याने प्रवेशाआधीच बँकेत चौकशी केलेली बरी. जुन्या करप्रणालीत व्याजावर करवजावट मिळते.

तक्रार. मान्य शुल्कापेक्षा अधिक रक्कम घेतल्यास शुल्क नियामक प्राधिकरणाकडे दाद मागता येते. परतावा नाकारणे किंवा कागदपत्रे अडवणे यांबाबत आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार आधी संस्थेच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे आणि तेथे समाधान न झाल्यास विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालाकडे जायचे असते. दोन्हीकडे पावती, बँकेचा व्यवहार क्रमांक आणि रद्द करण्याच्या अर्जाची तारखेसह पोच लागते.