तंजावरचे चुलत आजोबा

पार्ल्याच्या दीनानाथला किंवा बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरेला संगीत नाटक लागलं की मध्यंतरात बटाटेवड्याबरोबर इतिहासही निघतो. तो ठरलेला असतो. १८४३, सांगली, विष्णुदास भावे, ‘सीतास्वयंवर’. मग १८८०, पुणे, अण्णासाहेब किर्लोस्कर, ‘शाकुंतल’. एखादा जास्त वाचलेला गृहस्थ मध्येच म्हणतो, "अहो, पण तंजावर?" आणि तिसरी घंटा होते.

तर तंजावर. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी तिथे राज्य बसवलं. त्यांचे चिरंजीव शहाजी १६८४ साली गादीवर आले. त्याच वर्षी तिकडे नेपल्सला अलेस्सांद्रो स्कार्लात्ती व्हाइसरॉयच्या दरबारचा संगीतप्रमुख झाला. इटालियन ऑपेराचा तो भराचा काळ. चाली बांधणाऱ्यांची नावं उरली, पदं लिहिणाऱ्यांची बहुतेक पुसली गेली. दोमेनिको लाल्ली आज कोणाला आठवतो? विवाल्दीच्या १७१३ सालच्या पहिल्या ऑपेराची संहिता त्याची. मोगल बादशहाच्या दरबारात घडणारं कथानकही त्याने लिहिलं. नेपल्स-व्हेनिसच्या रंगभूमीवर हिंदुस्थानचे राजे असे रंगत होते आणि इकडे हिंदुस्थानचा एक राजा स्वतःच पदं लिहीत होता.

शहाजीराजांचं ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ साधारण १६९० चं, मराठीतलं पहिलं नाटक म्हणून अभ्यासक त्याचंच नाव घेतात. ‘पल्लकी सेवा प्रबंधमु’ हे त्यांचं तेलुगू गेय नाटक तिरुवारूरच्या त्यागेशासाठी, म्हणजे तिथल्या शिवासाठी लिहिलेलं. ‘पंचभाषाविलासा’त तर तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी आणि संस्कृत एकाच रंगमंचावर नांदतात. मुंबईच्या कुठल्याही चाळीला हे नाटक परकं वाटू नये.

या नाटकांचा साचा दक्षिणेतल्या यक्षगानाचा. सूत्रधार येतो, गणपती नाचून जातो आणि मग प्रत्येक पात्राचा प्रवेश त्याच्या ‘दरू’वर, म्हणजे त्याचं वर्णन करणाऱ्या गाण्यावर होतो. ऑपेरात नेमकं उलटं: पात्र आपलं मोठं गाणं म्हणून टाळ्या घेत आत जायचं आणि कोणी किती गाणी म्हणायची यावरून गायक-गायिकांचे रुसवे व्हायचे. संहिता लिहिणाऱ्या बिचाऱ्याने ते सांभाळायचे. राजाला ती कटकट नव्हती.

म्हणून शहाजीराजांना मराठी संगीत नाटकाचे मूळ पुरुष म्हणायचा मोह होतो. मला ते पटत नाही. भाव्यांपुढे नमुना होता तो कर्नाटकातून सांगलीला आलेल्या भागवत मंडळींच्या खेळाचा. पण तो खेळही यक्षगानाच्याच कुळातला. म्हणजे नातं आहे, मात्र थेट आजोबांचं नव्हे, चुलत आजोबांचं.

चुलत घराणंही निपुत्रिक नव्हतं. पुढे तंजावरच्याच गादीवर आलेल्या प्रतापसिंहांनी नाटकं लिहिली. त्याच घराण्यातल्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या ‘देवेंद्र कुरवंजी’त भविष्य सांगणारी डोंगरी बाई जगाचा भूगोल सांगते, मराठी नाटकातला असा अफलातून भूगोलाचा तास दुसरा मला ठाऊक नाही. मग एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातले कीर्तनकार तंजावरला पोहोचले. त्यांचं ऐकून तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवं रूप दिलं आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग तिच्यात कायमचे मुरले. इकडे किर्लोस्करांनी ‘शाकुंतला’त त्याच साक्या आणि दिंड्या घातल्या. त्यामुळे मुलुंडच्या कालिदासमध्ये ‘शाकुंतल’ रंगो की चेंबूरच्या तमिळ मंडळींकडे जुन्या वळणाची हरिकथा, साकी दोन्हीकडे आपलीच. फक्त चेंबूरला ती ऐकायला आपल्यातलं कोणी जात नाही.