विणल्याविना कापड

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सावरगाव आणि पांढुर्णा जाम नदीच्या दोन काठांवर गोटमारीला, म्हणजे एकमेकांवरच्या दगडफेकीला, उभे राहतात. एरवी दोन्ही काठांची बोली एकच, नागपुरी वळणाची मराठी. 1956 च्या पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. बोली मात्र होती तिथेच राहिली, आणि तिच्यासोबत एका जुन्या धंद्याचे शब्दही.

त्यातला एक म्हणजे खोगीर.

सौंसर-पांढुर्ण्याचा हा पट्टा देवगड आणि नागपूर यांच्या मधला. अठराव्या शतकाच्या मध्यात देवगडचे गोंड राज्य भोसल्यांच्या ताब्यात आले. त्या काळच्या स्वाराला जीन महाग पडे; घोड्याच्या पाठीवर खोगीर हवेच. मूळ फारसी शब्दाचा अर्थ घाम टिपणारे. नमदा, म्हणजे खोगिरासाठी दाबून केलेले लोकरीचे जाड कापड, हा शब्दही फारसीतूनच आला. मराठीत याच वस्तूला बुरणूस म्हणत, कोल्हापूर-बेळगावकडे जेन म्हणतात. सूत नाही, माग नाही, ताणा-बाणा नाही. लोकर पिंजून चटईवर थरांत पसरायची, पाणी शिंपडायचे, गुंडाळी करून हातापायांनी तासन्‌तास दाबत-लाटत राहायचे. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ओल आणि घर्षण मिळाले की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत.

रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरच्या 1916 च्या ग्रंथात धनगरांची ओळख मेंढपाळ आणि घोंगडी विणणारे अशी आहे. घोंगडीला निदान ही नोंद मिळाली. न विणलेल्या लोकरीच्या वाट्याला आली ती ‘खोगीरभरती’ ही शिवी, हे मनाला लागते.

कारण लोकरीचे शिल्प याच भरतीतून जन्मले. सायबेरियातल्या अल्ताई पर्वतात पाझिरिक इथे 1949 मध्ये सर्गेई रुदेन्को यांनी पाचवे थडगे उकरले, तेव्हा बर्फात टिकलेले नमद्याचे हंस सापडले. दोन हजार वर्षांहून जुने, कापून शिवलेले, आत भरण घातलेले. मानेचा बाक आजही जिवंत वाटतो. आता ते सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत.

आज लोकर सुईने टोचून-टोचून तिला आकार देतात; त्या सुईकामात शिवण नाही की भरण नाही. ही सुई मुळात कारखान्यातली: शेकडो सुया एकदम खालीवर होऊन लोकरीचा पत्रा दाबणारे यंत्र एकोणिसाव्या शतकातले. त्यातली एक सुई हातात घेऊन आकार घडवण्याची वाट 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये एलिनॉर आणि डेव्हिड स्टॅनवूड यांनी दाखवली. सुईच्या धारांवर उलट्या खाचा असतात. प्रत्येक टोच्यासरशी खाच वरचे तंतू आत ढकलते. बाहेर येताना मोकळीच येते. जिथे जास्त टोचाल तिथे लोकर दबते, खळगा पडतो. मग भुईछत्रीच्या पोटाच्या झालरी, शेंगेची फुगीर पाठ, पोवळ्याच्या फांद्या, सगळे लोकरीच्या एका गोळ्यातून निघते. सुई सरळ आत, सरळ बाहेर. जरा तिरकी ओढली की मोडली.

या कामाला मऊ मेरिनोपेक्षा भरड लोकर लवकर बसते. आपल्याकडची दख्खनी मेंढी भरडच लोकर देते, बहुतेक काळी. तिला आज इतका कमी भाव आहे की कातरणीची मजुरीही सुटत नाही, आणि कातरलेली लोकर मेंढवाड्याच्या कडेला तशीच पडून राहते.