दोन खोल्यांचा पांजरपोळ

जून 1832 मध्ये मुंबईच्या कोटात दंगल उसळली, ती भटक्या कुत्र्यांवरून. उन्हाळ्यात कुत्री मारण्याची मोहीम सरकार काढत असे आणि मारणाऱ्याला कुत्र्यामागे बक्षीस मिळे. त्या वर्षी मुदत वाढवली गेली, बक्षिसाच्या लोभाने शिपाई लोकांच्या दारापर्यंत पोचले आणि पारशी समाज खवळला. पारशांच्या अंत्यविधीतही कुत्र्याला स्थान आहे. बाजार बंद पडले, लष्कराची रसद अडली. दोन वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी जीजीभाई, मोतीशा शेठ आणि इतर पारशी, जैन, हिंदू व्यापाऱ्यांनी भुलेश्वरजवळ पांजरपोळ उभा केला. मारायची कुत्री तिथे पाठवायची, भाकड गाई आणि लंगडे बैल सांभाळायचे, असा बेत. त्यासाठी व्यापाऱ्यांनी मालाच्या उलाढालीवर लाग, म्हणजे ठरावीक पट्टी, बसवून घेतली. दया कायम राहावी म्हणून आधी पैशाची सोय लावली. घरात भरमसाट प्राणी गोळा करून त्यांची आणि स्वतःची दैना करून घेणाऱ्या माणसाला समजून घ्यायचं, तर या हिशेबापासून सुरुवात करावी असं मला वाटतं. तो माणूस एकटा, दोन खोल्यांत, पेन्शनीच्या पैशात पांजरपोळ चालवू पाहत असतो.

एवढा पैसा आणि एवढी माणसं पाठीशी असूनही हे काम नीट जमणं अवघडच होतं. गुजरातेत ही परंपरा कितीतरी जुनी. सोळाव्या शतकाच्या अखेरीस राल्फ फिच या इंग्रज प्रवाशाने खंबायतमधल्या लंगड्या प्राण्यांच्या आणि पाखरांच्या दवाखान्यांची नोंद केली आहे. सुरतेच्या पांजरपोळात तर धान्यातल्या किड्यांसाठीही खोली होती. अलेक्झांडर बर्न्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने तिचं वर्णन लिहून ठेवलं आहे. 1825 मध्ये भडोचहून जाताना बिशप हेबरने तिथल्या संस्थेबद्दल लिहिलं, की जागा घाणेरडी, दुर्लक्षित आहे आणि उत्पन्न कारभाऱ्यांच्या खिशात जातं. हेबर परका, पाद्री, आणि त्याची माहितीही ऐकीव. ती सावधपणेच घ्यावी. पण गांधीजींना परका म्हणता येणार नाही. 1926 मध्ये गिरणीमालक अंबालाल साराभाईंनी अहमदाबादेत साठेक भटकी कुत्री मारवली, तेव्हा गांधीजींनी ‘यंग इंडिया’त लेखमाला लिहून त्यांची बाजू घेतली. कुत्र्यापुढे तुकडा टाकून मोकळं होणं म्हणजे दया नव्हे, पाळायचं तर नीट पाळा आणि तो भार महाजनांनी, म्हणजे व्यापारी पंचांनी, उचलावा, असा त्यांचा रोख होता. कुत्री मारण्याला दिलेला पाठिंबा पटो वा न पटो, रोगाचं निदान त्यांनी अचूक केलं होतं: पुण्य दारातून आत घेण्यात मोजलं जातं, आतल्या जनावराचं पुढे काय झालं हे कुणी विचारत नाही.

नेमकं हेच त्या दोन खोल्यांत घडतं. अमेरिकी पशुवैद्यक गॅरी पॅट्रोनेक यांनी 1999 मध्ये अशा 54 प्रकरणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या, जवळपास निम्म्या व्यक्तींनी साठी ओलांडलेली होती, आणि सुमारे निम्म्या एकट्या राहत होत्या. 80 टक्के ठिकाणी आजारी किंवा मेलेले प्राणी सापडले, तरी जवळजवळ 60 टक्के लोक काही बिघडलंय हे मानायला तयार नव्हते. हा निव्वळ कोडगेपणा असता तर उपाय सोपा होता. पण आपणच यांचा शेवटचा आधार आहोत, असं ज्याला मनापासून वाटतं, त्याला कोपऱ्यातलं मेलेलं पिल्लू दिसूनही दिसत नाही. अमेरिकेच्या मनोविकार नियमावलीने 2013 मध्ये साठवणुकीचा विकार स्वतंत्र नोंदवला आणि प्राणी साठवण्याचा उल्लेखही त्यातच केला.

यावर रास्त आक्षेप येतो, की मग उपासमारीने मेलेल्या कुत्र्याची बाजू कोण घेणार? माणसाला आजारी म्हटलं की गुन्हा पुसला जातो का? नाही पुसला जात. प्राणी त्या घरातून हलवले पाहिजेत, तेही लवकर. यात तडजोड नको. पण नुसते प्राणी उचलून नेले तर असा माणूस बहुधा पुन्हा गोळा करू लागतो, कारण एकटेपणा तिथेच राहतो. म्हणजे त्याच्याकडे करुणेने पाहणं हे पुढच्या खेपेच्या कुत्र्यांच्याही हिताचं आहे. दुसरा आक्षेप असा, की संस्थेची तुलना आजारी माणसाशी कशी करता? फरक आहेच. पांजरपोळाचे विश्वस्त वह्या ठेवत, लोक आत येऊन पाहत, टीका होत असे. मुंबईचा पांजरपोळ जागा अपुरी पडू लागली तसा जनावरं घेऊन चेंबूर-भिवंडीकडे पसरला. बंद फ्लॅटला यातलं काहीच नसतं. शिवाय जखमी पिल्लू ‘त्या मावशींकडे नेऊन दे’ म्हणत दारात सोडून जाणारे आपणच असतो, आणि वास सुटला की तक्रार करणारेही आपणच.

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने 2001 मध्ये कायद्यात अशा व्यक्तीची व्याख्या केली आणि दोषी ठरल्यास तिची मानसिक तपासणी व उपचार न्यायालयाला बंधनकारक केले. आपल्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात दंडाधिकारी जनावर पांजरपोळात धाडू शकतात आणि खर्च मालकाकडून वसूल करता येतो. मालकाच्या उपचारांबद्दल त्यात एक ओळही नाही.