मुदत हुकली, शिष्यवृत्ती गेली : दाद कोठे व कशी मागावी?

शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपली की संकेतस्थळ बंद होते आणि बहुतेक विद्यार्थी तेथेच हात टेकतात. वास्तविक मुदत एकच नसते. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर विद्यार्थ्याने अर्ज भरण्याची तारीख वेगळी, महाविद्यालयाने पडताळणी करण्याची वेगळी आणि त्यापुढील सरकारी पडताळणीची आणखी वेगळी असते. त्रुटी आढळलेला अर्ज दुरुस्तीसाठी विद्यार्थ्याकडे परत येतो आणि तो तसाच पडून राहिल्याचे अनेकांना पैसे न आल्यावरच कळते. म्हणून सर्वप्रथम अर्जाची सद्यःस्थिती पाहून तिची छापील प्रत काढावी. अर्ज वेळेत भरला गेला आणि पडताळणी महाविद्यालयात अडली, तर चूक विद्यार्थ्याची नाही. अशा प्रकरणात त्याची बाजू सर्वांत भक्कम असते.

त्यानंतरची पायरी लेखी निवेदनाची. ते प्राचार्यांच्या शिफारशीसह योजना राबविणाऱ्या संचालनालयाकडे द्यावे आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घ्यावी. दिलगिरीची लांबण लावण्यापेक्षा तारखांचा क्रम मांडणे अधिक उपयोगी. उत्पन्नाचा दाखला मामलेदार कार्यालयातून उशिरा मिळाला असेल, तर अर्जाची पोच आणि दाखल्यावरील तारीख दोन्ही जोडावीत. आजारपण असल्यास रुग्णालयाची कागदपत्रे, व्यवहार फसला असल्यास बँकेचा तपशील जोडावा. केंद्रीय योजनेबाबत केंद्राच्या ‘सीपीग्राम्स’ या तक्रार निवारण व्यवस्थेवरही तक्रार नोंदविता येते. उत्तरच येत नसेल, तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्जाचे पुढे काय झाले हे विचारावे. त्याचे उत्तर सामान्यतः 30 दिवसांत देणे बंधनकारक आहे.

हुकलेल्या मुदतीकडे न्यायालय कसे पाहते, हे आयआयटी प्रवेशाच्या दोन निकालांतून दिसते. ही प्रकरणे शिष्यवृत्तीची नव्हेत, जागेची आहेत. परंतु प्रश्न तोच. 2021 मध्ये आयआयटी मुंबईत जागा मिळालेल्या अनुसूचित जातीच्या एका विद्यार्थ्याने शुल्क भरण्याचे वारंवार प्रयत्न केले, पण व्यवहार पूर्ण होईना. उसने पैसे घेऊन तो त्या वर्षीच्या संयोजक संस्थेकडे, आयआयटी खरगपूरला, समक्ष गेला. मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली; सर्वोच्च न्यायालयाने मात्र 22 नोव्हेंबरला 48 तासांत त्याला जागा देण्याचा आदेश दिला. 2024 मध्ये एका रोजंदारी मजुराच्या मुलाला 17,500 रुपये 24 जूनच्या सायंकाळी पाचपर्यंत भरता आले नाहीत आणि आयआयटी धनबादमधील त्याची जागा गेली. 30 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यासाठी अतिरिक्त जागा निर्माण करविली, म्हणजे अन्य कोणाचे स्थान त्यासाठी काढून घेतले नाही.

दोन्ही आदेश राज्यघटनेच्या अनुच्छेद 142 खालील आहेत. हा अधिकार केवळ सर्वोच्च न्यायालयाचा असून असे आदेश त्या त्या प्रकरणापुरतेच असतात, तेव्हा त्यांवर विसंबून स्वस्थ बसणे धोक्याचे. दोन्ही विद्यार्थ्यांच्या बाजूने बोलले ते त्यांचे मुदतीपूर्वीचे प्रयत्न आणि मुदत हुकताच सुरू केलेली धावपळ.

निवेदन फेटाळले गेल्यास अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात याचिका करता येते. गोव्यातील विद्यार्थ्यांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ पर्वरी येथे आहे. फेटाळल्याचे लेखी उत्तर हाती असेल, तर वकिलाचे काम सुकर होते. वकिलाच्या खर्चाची धास्ती अनेकांना असते. पण 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग व्यक्ती मोफत कायदेशीर साहाय्यास पात्र आहेत, इतरांना उत्पन्नाची मर्यादा लागू होते. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा. दरम्यान महाविद्यालयाचे शुल्क थकले असेल, तर हप्ते किंवा मुदतवाढ मिळावी म्हणून प्राचार्यांना स्वतंत्र पत्र द्यावे. ते शिष्यवृत्तीच्या निवेदनात मिसळू नये.