ईडीचं काम कसं चालतं? मनी लाँडरिंगचा कायदा आणि आपलं बँक खातं

ईडी म्हटलं की टीव्हीवरचे मंत्री, बिल्डर आणि उद्योगपती डोळ्यांसमोर येतात. आपण नोकरदार, दुकानदार, बागायतदार माणसं. आपला याच्याशी काय संबंध, असं वाटतं. पण हा संबंध येतो आणि तो बहुतेक वेळा बँक खात्यातून येतो. म्हणून हा कायदा सोप्या भाषेत समजून घेऊ.

मनी लाँडरिंग म्हणजे काय?

गुन्ह्यातून मिळालेला पैसा कष्टाचा आहे असं भासवणं, म्हणजे मनी लाँडरिंग. याच्या तीन पायऱ्या असतात. पहिली, पैसा बँकेत किंवा धंद्यात घुसवणं. दुसरी, तो दहा खात्यांतून फिरवणं, म्हणजे मूळ सापडू नये. तिसरी, जमीन, फ्लॅट, सोनं किंवा व्यवसायात तो मुरवणं.

इथे एक फरक लक्षात ठेवावा. नुसता कर चुकवला म्हणून हा कायदा आपोआप लागत नाही. आधी फसवणूक, लाच, अमली पदार्थ, खंडणी असा कायद्याच्या यादीतला एखादा मूळ गुन्हा असावा लागतो. त्या गुन्ह्यातून आलेल्या पैशाचा माग ईडी काढते.

ईडी कधीपासून आहे?

१ मे १९५६ रोजी केंद्राच्या अर्थखात्यात परकीय चलनाच्या कायद्यासाठी एक छोटा विभाग सुरू झाला. पुढच्याच वर्षी त्याला अंमलबजावणी संचालनालय हे नाव मिळालं. मराठी वर्तमानपत्रं त्याला सक्तवसुली संचालनालय असंही म्हणतात. आज ते महसूल विभागाखाली येतं. त्याच्या हातात मुख्यतः तीन कायदे आहेत: परकीय चलनाचा १९९९ चा फेमा, मनी लाँडरिंगविरोधी २००२ चा पीएमएलए (अंमल १ जुलै २००५ पासून) आणि देश सोडून पळालेल्या आर्थिक गुन्हेगारांसाठीचा २०१८ चा कायदा.

माग कसा लागतो?

सुरुवात बँकेपासून होते. दहा लाखांवरच्या रोख व्यवहारांची माहिती बँकेला सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे द्यावी लागते. हा विभाग २००४ मध्ये स्थापन झाला. व्यवहार संशयास्पद वाटला, तर रक्कम लहान असली तरी बँक कळवते. पंधरा हजार पगाराच्या मुलाच्या खात्यात आठवड्यात वीस लाख आले आणि गेले, तर ते नजरेत येणारच.

मालेगावने शिकवलेला धडा

नोव्हेंबर २०२४ मधलं मालेगावचं प्रकरण आपल्या प्रत्येक घरात माहीत असायला हवं. काम-धंद्याचं आमिष दाखवून स्थानिक तरुणांकडून आधार, पॅन आणि सह्या घेतल्या गेल्या आणि नाशिक मर्चंट्स सहकारी बँकेच्या मालेगाव शाखेत त्यांच्या नावाने खाती उघडली गेली, असा आरोप आहे. तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार या खात्यांतून शंभर कोटींहून जास्त रकमेची उलाढाल झाली. आधी पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, त्यावरून ईडीने तपास हाती घेतला आणि महाराष्ट्र, गुजरातमध्ये छापे पडले. कोण दोषी, ते कोर्ट ठरवेल. पण तक्रार करायला पुढे आला, तो अशाच खातेदारांपैकी एक होता, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

कारण कायद्यात ‘जाणूनबुजून मदत’ हा गुन्हा आहे. ज्याला खरंच काही माहीत नव्हतं, त्याने वेळेवर सांगितलं तर त्याची बाजू भक्कम राहते. जो महिन्याला दोन-पाच हजार घेऊन गप्प बसला, त्याला ‘मला काय माहीत’ म्हणणं जड जातं.

आखातातला पैसा आणि हवाला

कसाल, कुडाळ, मालवणपासून रत्नागिरीपर्यंत आपल्या अनेक घरांची चूल दुबई, कुवेत, सौदीच्या कमाईवर चालते. ही हलाल, घामाची कमाई आहे. पण ती घरी कोणत्या वाटेने येते, हेही तितकंच महत्त्वाचं. हवाला हा मूळ अरबी शब्द. एकाने आपलं देणं दुसऱ्यावर सोपवणं, हा त्याचा जुना, सरळ अर्थ. आज मात्र बँक टाळून देशाबाहेरून पैसा आणण्याला हवाला म्हणतात आणि फेमाखाली ते बेकायदा आहे. त्यासाठी रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

खरा धोका पुढेच आहे. हवालावाला तुमच्या दारात जी नोट देतो, ती कुठल्या व्यवहारातून आली हे तुम्हाला कळत नाही. ती फसवणुकीची असेल, तर तुमचा स्वच्छ पैसा दुसऱ्याच्या घाणीत मिसळला. दर चार पैसे जास्त मिळाला, तरी हा सौदा महागच. त्यामुळे पैसा बँकेतून किंवा अधिकृत एक्स्चेंजमधूनच पाठवावा. परदेशी नोकरीला गेलेल्या माणसाने आपलं साधं बचत खातं एनआरओ करून घ्यावं. हा नियमच आहे.

ईडीचे अधिकार आणि आपले हक्क

ईडी झडती घेऊ शकते, समन्स काढू शकते, अटक करू शकते आणि मालमत्ता १८० दिवसांपर्यंत तात्पुरती जप्त करू शकते. ही जप्ती पुढे न्यायनिर्णय प्राधिकरणाने कायम करावी लागते. शिक्षा तीन ते सात वर्षं सक्तमजुरीची आहे. अमली पदार्थांच्या प्रकरणात दहापर्यंत. जामीन कठीण आहे. मात्र स्त्रिया, सोळा वर्षांखालील मुलं, आजारी माणसं आणि एक कोटीहून कमी रकमेची प्रकरणं यांत कोर्ट सवलत देऊ शकतं.

२७ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या अधिकारांना मान्यता दिली. पण ३ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात अटकेची कारणं आरोपीला लेखी दिलीच पाहिजेत, असंही बजावलं. अटकेनंतर चोवीस तासांत कोर्टासमोर उभं करावं लागतं. मूळ गुन्ह्यातून माणूस निर्दोष सुटला, तर मनी लाँडरिंगचा खटलाही टिकत नाही.

या अधिकारांवर टीकाही होते. सरकारनेच ऑगस्ट २०२४ मध्ये संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार दहा वर्षांत ५,२९७ प्रकरणं नोंदली गेली आणि शिक्षा झाली ४० प्रकरणांत. खटला वर्षानुवर्षं चालतो आणि तेवढा काळ घराची झोप उडते. निर्दोष ठरण्यापेक्षा त्यात न अडकणं केव्हाही बरं.

समन्स किंवा फोन आला तर

खरं समन्स आलं तर टाळू नका. तिथे दिलेला जबाब कोर्टात पुरावा ठरतो आणि खोटं बोलणं हा वेगळा गुन्हा होतो. म्हणून आधी वकील गाठा, पासबुक आणि पावत्या गोळा करा, मगच जा.

व्हिडिओ कॉलवर मात्र ईडी कुणाला अटक करत नाही. ‘डिजिटल अरेस्ट’ असं काही कायद्यात नाही. असा फोन आला तर कट करा आणि १९३० वर कळवा. पैसे गेले असतील तर तासाभराचाही उशीर नको.

घरात ठरवून टाकायच्या गोष्टी

- आपलं खातं, एटीएम कार्ड, चेकबुक किंवा सिम कुणालाही वापरायला देऊ नये. दोस्ताला नाही, नातेवाइकालाही नाही.
- आधार-पॅनची झेरॉक्स देताना तिच्यावर तारीख आणि कारण लिहावं.
- अनोळखी रक्कम खात्यात आली तर खर्च करू नये, सांगेल त्याला परतही पाठवू नये. बँकेला लेखी कळवावं आणि पोच घ्यावी.
- जमीन-घराच्या व्यवहारात रोकड टाळावी, कागद जपून ठेवावेत.

दहावी-बारावी झालेल्या मुलांना हे आवर्जून सांगा. ‘नुसतं खातं दे, महिन्याला पैसे मिळतील’ असं म्हणणारा माणूस पहिल्यांदा त्यांच्याकडेच येतो.